तेलाचा डबा आणि प्रमुखपद



आश्विन ओळी तोंडावर आली आहे. आमच्या स्थानकात नऊ दिवस आयंबिलाची सोय आमचं मंडळ करतं. यंदा स्वयंपाकघराची प्रमुख कोण, हे ठरवायला गेल्या आठवड्यात बैठक झाली. कोविडची दोन वर्षं सोडली तर 2012 पासून हे काम माझ्याकडे होतं. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून मीच सोडते म्हटलं. नावं निघायला लागली तशा एक ज्येष्ठ भाभी म्हणाल्या, "प्रमुख कडक पाहिजे हं. धाक असला की कामं होतात. आता हिचंच बघा ना, हिच्यासमोर कुणाची टाप होती का बोलायची?" त्यांनी कौतुकानेच माझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

तेव्हा बोलायला शब्द सुचले नाहीत. माझं नेहमी असंच होतं, घरी येऊन भांडी आवरताना सगळं सुचतं. म्हणून इथे लिहिते. भाभी हे वाचतात, त्यांनी राग मानू नये.

2019 ची चैत्र ओळी. चौथा दिवस. त्या दिवशी 64 आयंबिलं होती. आमच्यातल्या बहुतेकींना आयंबिल माहीतच आहे, पण नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते: दिवसातून एकदाच, एकाच बैठकीत जेवायचं. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर काही नाही. भाजी नाही, फळ नाही. उकडलेलं धान्य, डाळ, कोरडी भाकरी आणि उकळलेलं पाणी. म्हणजे स्वयंपाक दिसायला सोपा, पण डोळ्यांत तेल घालून करावा लागतो (आणि तेल फक्त डोळ्यांतच घालायचं असतं).

त्या वर्षी भाकरीला आणि डाळीला मदत म्हणून एक नवीन मावशी पगारावर ठेवल्या होत्या. हात अतिशय चलाख. त्यांनी मूगडाळ मोठ्या कुकरला लावली आणि सवयीने त्यात चमचाभर तेल सोडलं. आपण सगळ्याच घरी सोडतो, डाळ उतू जाऊ नये म्हणून. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, आयंबिल म्हणजे काय हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. कुणी म्हणजे मी.

हे एकीने पाहिलं. मंडळातली नवी सून, लग्नाला दीड वर्ष झालेलं, तिचीही ओळी चालू होती. ती बोलली नाही. डाळ वाढली गेली, 63 जणांनी आयंबिल केलं आणि चौसष्टावी, म्हणजे ती स्वतः, जेवलीच नाही. गुपचूप महासतीजींकडे जाऊन तिने उपवासाचं पच्चक्खाण घेतलं. संध्याकाळी तिच्या सासूबाईंनी विचारलं, "अगं, आयंबिलाऐवजी उपवास का केलास?" तेव्हा रडत रडत सगळं बाहेर आलं.

महासतीजींनी आम्हाला शांत केलं. नकळत घडलेल्या गोष्टीला पच्चक्खाणातच आगार असतो, व्रत मोडलं असं होत नाही, असं त्यांनी समजावलं. पण माझं समाधान झालं नाही. वर्षीतप केलेल्या एक 78 वर्षांच्या आजी त्या पंगतीत होत्या. त्यांच्याकडे जाऊन सांगताना माझी जीभ जड झाली होती.

मी घरी आले ती तणतणत. "पाहिलं होतं तर तोंडाला कुलूप लावलं होतं का? एवढी शिकलेली मुलगी, चाकणला कंपनीत नोकरी करते म्हणे!" आमचे हे पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "ती का बोलली नाही, ते विचारलंस का?"

मी म्हटलं, त्यात काय विचारायचं.

"मग उद्या विचार," म्हणाले. आणि परत पेपर.

मी विचारलं. बराच वेळ ती नुसती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "काकी, आदल्या दिवशी मी पिठाचं माप चुकल्याचं सांगितलं तर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, 'कालची पोर मला शिकवायला लागली.' म्हणून मग..."

मला ते वाक्य आठवतही नव्हतं. आणि पिठाचं माप खरोखर चुकलेलं होतं!

आमच्या यांनी भोसरीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली. 1982 मध्ये मी लग्न होऊन चिंचवडला आले, त्याच वर्षी इथली नगरपालिका जाऊन महानगरपालिका झाली होती. बी.कॉम. झालेली होते, पण घरात नोकरीचा विषय निघाला नाही आणि मीही काढला नाही. भोंग्यावर आमचं घड्याळ चालायचं. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे पाचला डबा, सेकंड असली की रात्री बाराला दार उघडायचं (यांचा चौविहार असायचा, त्यामुळे रात्रीचं ताट वाढायचा प्रश्न नव्हता, पण झोपमोड व्हायचीच). त्या काळात हे घरी येऊन कंपनीतलं बरंच सांगत. मी "हं, हं" करत डाळ निवडायचे. तेव्हा ऐकलेलं त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगी पडलं.

ऐंशीच्या दशकात आपल्या पट्ट्यात 'क्वालिटी सर्कल' नावाचं वारं आलं होतं. तुमच्यापैकी कितीतरी जणींचे यजमान त्यात असतील, घरी त्याची प्रशस्तिपत्रंही असतील. मूळ कल्पना जपानची. 1962 च्या सुमारास काओरू इशिकावा या प्राध्यापकांनी ती रुजवली. आपल्या देशात 1980 मध्ये हैदराबादजवळच्या भेल कारखान्यात पहिलं सर्कल सुरू झालं आणि 1982 मध्ये त्यांचा अखिल भारतीय फोरमही उभा राहिला. काम साधंच असायचं. एकाच जागी काम करणारे सहा ते दहा जण आठवड्यातून तासभर बसणार, आपल्याच कामातली एक अडचण घेणार, ती का येते ते शोधणार आणि उपाय करून बघणार. साहेब सांगणार नाही, साहेब ऐकणार.

हे सांगायचे, की पहिल्या चार बैठकांत कुणी तोंडच उघडलं नाही. मशीनवर बारा वर्षं काढलेला माणूस साहेबासमोर "सगळं बरोबर आहे" म्हणायचा. पाचव्या बैठकीत साहेबांनी स्वतःच सुरुवात केली: "मागच्या महिन्यातलं रिजेक्शन माझ्या ड्रॉइंगमुळे झालं." झालं, त्यानंतर माणसं बोलायला लागली.

त्यांच्याकडे चूक सापडली की "कोणी केली" यापेक्षा "का झाली" हे विचारायची पद्धत होती, आणि तेही एकदा नाही, पाच वेळा. ही टोयोटाची पद्धत. मी त्या रात्री आमच्या डाळीवर लावून पाहिली. डाळीत तेल का पडलं? मावशींनी सवयीने घातलं. सवयीने का घातलं? त्यांना नियम माहीत नव्हता. का माहीत नव्हता? मी सांगितला नाही, "करून करून शिकतील" म्हटलं. पाहणारी का बोलली नाही? आदल्या दिवशी मी तिचा पाणउतारा केला. मी का केला? इथे मी पेन खाली ठेवलं. कारण उत्तर माहीत होतं: ती बरोबर होती, आणि सगळ्यांसमोर बरोबर होती.

लोक 'लीडरशिप' म्हटलं की भाषण, आत्मविश्वास, निर्णयशक्ती असं काय काय सांगतात. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी सिंहाच्या चित्रासकट येतं. मला सिंहाचं कौतुक नाही. माझं मत असं झालं आहे, की प्रमुखाची परीक्षा एकाच गोष्टीत होते: वाईट बातमी तिच्यापर्यंत किती लवकर पोहोचते. चांगली बातमी काय, सगळ्याच धावत आणतात.

माझ्या मुलीने मला एमी एडमंडसन या अमेरिकेतल्या बाईंबद्दल सांगितलं. त्या हार्वर्डमध्ये शिकवतात. नव्वदच्या दशकात त्यांनी रुग्णालयांतल्या परिचारिका-डॉक्टरांच्या तुकड्या अभ्यासल्या. चांगल्या तुकड्यांत औषधांच्या चुका कमी असतील असं त्यांना वाटलं होतं. आकडे आले ते उलटेच! चांगल्या तुकड्यांत चुका जास्त. मग उलगडा झाला, की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी झाकल्या जात होत्या. मी हिशेब शिकलेली बाई. मला हे लगेच पटलं. ज्या दुकानाच्या वहीत कधीच घट दिसत नाही, त्या दुकानाची वही आधी तपासावी, असं आमचे सासरे म्हणत.

आता कुणी म्हणेल, कारखान्यात ठीक आहे, सेवेच्या कामात हे कशाला? उलट सेवेतच जास्त हवं. कंपनीत माणूस पगारासाठी तरी ओरडा सहन करतो. मंडळात येणारी सून दोनदा अपमान झाला की तिसऱ्यांदा "काकी, ऑफिस आहे हो" म्हणते आणि आपण म्हणतो, आजकालच्या मुलींना धर्माची ओढ नाही.

यावरून पिंपरीचीच एक गोष्ट सांगते. टेल्कोचा कारखाना आपल्या इतका ओळखीचा, की त्याच्याकडे आपण कधी नीट पाहतच नाही. सुमंत मुळगावकरांनी तो उभा केला. आपण ज्या टाटा सुमोतून देवदर्शनाला जायचो, तिच्या नावातला 'सु' आणि 'मो' त्यांचाच. (त्यांच्या पत्नी लीलाताई मुळगावकर यांनी आपल्या देशात स्वेच्छेने रक्तदानाची चळवळ रुजवली, 1963 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यावर एकदा वेगळं लिहीन.) पुण्याच्या कारखान्याचं काम 1966 मध्ये सुरू झालं, आणि इथून पहिला ट्रक बाहेर पडला तो 1977 मध्ये. मधली अकरा वर्षं काय केलं? आधी हत्यारं आणि यंत्रं बनवणारे विभाग उभे केले, आणि दहावी झालेली मुलं घेऊन त्यांना शिकवणारी शाळा काढली. उजाड माळावर झाडं लावली, तळं केलं. ट्रक शेवटी.

मला यातलं सगळ्यात काय आवडतं, तर ही उलटी घाई. आपण काय करतो? उद्या पंगत आहे म्हटलं की आज माणसं गोळा करतो, आणि चुकली की ओरडतो. शिकवायला वेळ कुणाकडे आहे! माझ्याकडेही नव्हता. नव्या मावशींना आयंबिलाचे नियम सांगायला वीस मिनिटं लागली असती. ती मी वाचवली.

आणखी एक, अलीकडची. 'छोटा हत्ती' आपल्या दारात रोज उभा असतो. घर बदलायचं असो, मंडपाचं सामान असो, वर्षीतपाच्या पारण्याची भांडी असोत, छोट्या हत्तीशिवाय आपलं पान हलत नाही. त्याचं खरं नाव टाटा एस. 2000-01 मध्ये कंपनीला 500 कोटींच्या आसपास तोटा झाला होता. मोठ्या ट्रकची मागणी बसली होती. तेव्हा गिरीश वाघ या तरुण इंजिनिअरकडे लहान गाडीचं काम सोपवलं गेलं. त्यांनी ड्रॉइंग बोर्डावर बसण्याआधी माणसं पाठवली ती तीनचाकी माल-रिक्षा चालवणाऱ्यांकडे. तुम्हाला काय पाहिजे, हे विचारायला. किंमत, मायलेज वगैरे अपेक्षित गोष्टी आल्याच. पण एका रिक्षावाल्याने सांगितलेली गोष्ट त्या गाडीच्या कहाणीत नेहमी येते: तीनऐवजी चार चाकं असतील तर गावात माझं लग्न चांगल्या घरी जमेल. हे कुठल्या इंजिनिअरला स्वतःहून सुचलं असतं का? मे 2005 मध्ये गाडी आली, दोन सिलिंडरचं इंजिन, किंमत सव्वादोन लाखांच्या घरात. पुढचं तुम्ही रस्त्यावर पाहताच आहात.

विचारायला जाणं म्हणजे कमीपणा, हे आपल्या डोक्यातून जायला हवं. मी आठ वर्षं आयंबिलाचं स्वयंपाकघर चालवत होते आणि एकदाही वाढणाऱ्या मुलींना विचारलं नव्हतं, की तुम्हाला कुठे अडतं. 2019 नंतर विचारलं. पहिलंच उत्तर आलं: "काकी, उकळलेल्या पाण्याची टाकी इतकी उंच आहे की आम्हाला स्टुलावर चढून पाणी काढावं लागतं, आणि हात भाजतो." आठ वर्षं! आणि टाकी खाली घ्यायला सुताराला एक दुपार लागली.

तेलाचं काय केलं ते सांगते, कारण ते मला सगळ्यात समाधान देतं. मी आधी ठरवलं होतं, की भिंतीवर मोठ्या अक्षरात पाटी लावू. यांनी हसून विचारलं, "मावशींना वाचता येतं?" नव्हतं येत. मग म्हणाले, "चूक करू नका असं सांगण्यापेक्षा चूक करताच येणार नाही असं कर." ही पण त्यांच्या टूलरूमची भाषा. जिग असा बनवायचा, की भाग उलटा बसतच नाही. जपानीत त्याला पोका-योके म्हणतात. शिगेओ शिंगो या गृहस्थांनी ते रूढ केलं. आधी ते त्याला 'बाका-योके' म्हणत, म्हणजे मूर्खालाही चूक करता येऊ नये अशी सोय. एका कारखान्यात हे ऐकून काम करणारी एक बाई रडायला लागली, मी इतकी मूर्ख आहे का म्हणून. शिंगोंनी शब्द बदलला. पोका म्हणजे अनवधानाने झालेली चूक. यंत्र तेच, शब्द वेगळा. ही गोष्ट मी यांच्या तोंडून दहा वेळा ऐकली असेन, पण आपल्याला आयुष्यात 'कालची पोर' म्हणून झाल्यावरच ती कळली.

तर आम्ही ओळीच्या नऊ दिवसांत तेलाचा, तुपाचा आणि साखरेचा डबा स्वयंपाकघराच्या बाहेर, कपाटात कुलूप लावून ठेवतो. पाहुण्यांचा आणि नोकरवर्गाचा स्वयंपाक शेजारच्या खोलीत. डबाच नाही तर हात जाणार कुठे? त्यानंतर एकदाही तशी चूक झालेली नाही, आणि त्यात माझ्या कडकपणाचा काडीचाही वाटा नाही.

एक बाजू मात्र प्रामाणिकपणे मांडते. धाक नको म्हणजे शिस्त नको, असं मी म्हणत नाही. मी नंतर एक वर्ष फार मऊ वागून पाहिलं. कुणाला काही बोलायचंच नाही, सगळ्यांना हो म्हणायचं. परिणाम? सकाळी सहाला यायच्या मुली सव्वासातला येऊ लागल्या, आणि वेळेवर येणाऱ्या दोघी-तिघींवर सगळा भार पडला. त्या चिडल्या, आणि बरोबर चिडल्या. सगळ्यांची आवडती व्हायचं म्हणून जी प्रमुख गप्प बसते, तीही कामसू माणसावर अन्यायच करते. मग मी आळशींना बोलले, पण बाजूला घेऊन, एकेकीला, आणि कारण विचारून. एकीच्या घरी सासऱ्यांना अर्धांगवायू झाला होता, तिला सातच्या पुढची वेळ दिली. दुसरीला नुसती झोप आवडत होती, तिला भांड्यांची पाळी दिली. बोलणं तेच असतं. चारचौघांत बोललं तर माणूस आतून दार लावून घेतो, एकट्यात बोललं तर ऐकतो तरी.

आणि चुकलं तर प्रमुखाने आधी म्हणावं, माझं चुकलं. आपण संवत्सरीला अख्ख्या जगाला मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. ग्रुपवर एक चित्र टाकलं की 250 जणींना एकदम क्षमा मागून होते. पण ज्या एका मुलीला दुखावलं तिच्यासमोर उभं राहून, तिचं नाव घेऊन, काय चुकलं ते सांगून म्हणणं किती जड जातं! मी त्या सुनेला सगळ्या मंडळासमोर म्हटलं. अपमान सगळ्यांसमोर केला होता ना, मग माफीही तिथेच. तिच्यापेक्षा जास्त अवघडून गेल्या त्या आमच्या ज्येष्ठ मंडळी.

आता मूळ मुद्द्याकडे येते. ती मुलगी चाकणला कंपनीत काय करते, हे मला 2019 पर्यंत माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं. ती लाइन लीडर आहे. तिच्या हाताखाली 22 जण काम करतात, त्यात तिच्याहून मोठ्या वयाचे पुरुषही. काही बिघडलं तर लाइन थांबवायचा अधिकार तिच्याकडे आहे. आणि आपण तिला मंडळात काय दिलं होतं? पंगतीनंतर पाट उचलायचं काम.

ही एकटी नाही. पिंपरीच्या टाटा मोटर्समध्ये हॅरियर आणि सफारी जुळवणारी अख्खी लाइन स्त्रिया चालवतात, त्यांची संख्या 1,500 च्या वर आहे. चाकणला बजाजची डोमिनार मोटरसायकल बायकांनीच जुळवली. याच पिंपरीतल्या टेल्कोची 1974 मधली जाहिरात होती, की स्त्रियांनी अर्ज करू नये. सुधा मूर्ती, तेव्हाच्या सुधा कुलकर्णी, यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड पाठवून जाब विचारला, आणि त्या टेल्कोत शॉप फ्लोअरवरच्या पहिल्या महिला इंजिनिअर झाल्या. इतक्या मोठ्या माणसाला एका विद्यार्थिनीने खडसावलं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं, नियम बदलला. पोस्टकार्ड लिहिणारीचं कौतुक सगळेच करतात, करायलाच हवं. मला वय वाढतं तसं वाचणाऱ्याचंही वाटायला लागलं आहे. एखाद्याने ते टोपलीत टाकलं असतं.

कारखान्यांनी पन्नास वर्षांत जे शिकून घेतलं, ते आपण आपल्या स्थानकाच्या स्वयंपाकघरात अजून शिकायचं बाकी आहे. आपल्या घरातल्या मुली दिवसभर माणसं सांभाळतात, मशीन सांभाळतात, लाखोंचा माल वेळेवर पाठवतात, आणि रविवारी मंडळात आल्या की आपण त्यांना "तुला काय कळतंय" म्हणतो. मग त्या येत नाहीत. यात नुकसान त्यांचं नाही. आमच्या मंडळाच्या हजेरीच्या वह्या माझ्याकडेच आहेत, म्हणून सांगते: 2014 मध्ये चाळिशीच्या आतल्या 31 जणी नियमित येत होत्या, 2018 मध्ये 11. त्या खाली आलेल्या आकड्यांत माझंही कर्तृत्व आहे.

बैठकीत मी तिचं नाव सुचवलं. "फार लहान आहे," "नोकरी करते, वेळ कसा देणार," "हळू बोलते, कोण ऐकणार," असं बरंच झालं. वेळेचा प्रश्न खरा होता. ती म्हणाली, नऊ दिवसांपैकी पाच दिवस रजा मिळेल, उरलेल्या चार दिवसांसाठी रोज वेगळी जबाबदार बाई नेमू, प्रत्येकीला आधीच कागदावर माप आणि वेळ लिहून देऊ. कागद तिने बरोबर आणलाच होता. तो पाहून भाभींनी चष्मा मागितला. दोन ठिकाणी त्यांनी चुका काढल्या, शेवटच्या दिवशी आयंबिलं दीडपट होतात हे तिला माहीत नव्हतं. तिने पेन काढून तिथल्या तिथे दुरुस्त केलं आणि म्हणाली, "भाभी, अजून काय राहिलंय, सांगा ना." भाभी चांगल्या अर्धा तास सांगत होत्या.

निर्णय व्हायचा आहे, पुढची बैठक येत्या रविवारी दुपारी 3 वाजता स्थानकात. चाळिशीच्या आतल्या सगळ्यांनी यावं, मुलांना घेऊन आलात तरी चालेल, सांभाळायला मी बाहेरच्या ओट्यावर बसेन. मला नव्या कागदावर पाणी उकळायचं काम आलं आहे, पहाटे पाच ते सात, टाकी आता खालीच आहे.